नावांची वही कोणी ठेवायची?

शाळेच्या संगणक-कक्षात दहा-बारा संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असतात. एकावरची फाईल दुसऱ्यावरून उघडता येते, एकच प्रिंटर सर्वांना वापरता येतो. त्यासाठी प्रत्येक संगणकाला एक नाव दिलेले असते. दहा नावांची यादी वहीच्या एका पानावर मावते. पण संगणक दहाऐवजी दहा हजार झाले तर ती वही कोणी लिहायची? आणि दोन वह्यांत वेगवेगळी नोंद आढळली तर खरी कोणती मानायची? १९८०च्या सुमारास हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चाने उभारलेल्या 'अर्पानेट' या जाळ्यावर पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. त्या वर्षअखेर जाळ्यात चारच केंद्रे होती. यंत्राला पत्ता म्हणून अंक पुरतात. माणसाला मात्र नाव लागते. सुरुवातीला प्रत्येक केंद्र नावांची आपापली यादी ठेवी. साहजिकच एकाच संगणकाला इथे एक नाव, तिथे दुसरे. सर्वांनी सारखीच नावे वापरावीत, असे टिपण पेगी कार्प यांनी १९७१ साली लिहिले.

पुढे ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या माहिती केंद्राकडे आली. १९७२ पासून तिथे काम करणाऱ्या एलिझाबेथ फाइनलर या मुळात रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. रासायनिक संयुगांच्या माहितीची प्रचंड सूची करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांच्या केंद्रात 'होस्ट्स' नावाची एकच फाईल ठेवली जाई. नवा संगणक जोडला की केंद्राला कळवायचे, केंद्राने फाईलमध्ये नोंद करायची आणि बाकीच्यांनी ती फाईल जाळ्यावरून उतरवून घ्यायची. व्यवस्था साधी होती आणि बरीच वर्षे ती नीट चालली.

मग संगणक वाढले. ऑगस्ट १९८१ मध्ये ते २१३ होते, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२ झाले, ऑक्टोबर १९८४ मध्ये १,०२४. इथे थोडे गणित करून पाहू. संगणक दहापट झाले की फाईलची लांबी दहापट होते. ती उतरवून घेणारेही दहापट होतात. बदलही दहापट वेळा होतात. प्रत्येक बदलानंतर सर्वांनी नवी फाईल घ्यायची म्हटली, तर जाळ्यावरचा भार दहापट नव्हे, हजारपट होतो! शिवाय एकच नाव दोघांना हवे असे, आणि फाईल सर्वत्र पोचेपर्यंत ती शिळी झालेली असे. दोष केंद्रातल्या माणसांचा नव्हता. एकाच जागी सगळे ठेवण्याची पद्धतच अपुरी पडत होती.

यावर जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याला काम दिले : पुढे आलेल्या निरनिराळ्या सूचनांतून मेळ घाला. मोकापेट्रिस यांनी मेळ घालण्याऐवजी नवीच रचना मांडली. ती नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही रचना शिक्षकांना परकी वाटणार नाही. पाहुणे शाळेत येऊन 'सातवी ब मधली वीणा' कुठे आहे असे विचारतात. मुख्याध्यापकांना प्रत्येक मूल ठाऊक नसते, पण सातवी ब चे वर्गशिक्षक कोण हे त्यांना ठाऊक असते. वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात वीणा सापडते. सातवी अ मध्ये दुसरी वीणा असली तरी घोटाळा होत नाही. नवे मूल आले तर नोंद वर्गाच्या पटावर होते. मुख्याध्यापकांनी शाळाभर परिपत्रक काढावे लागत नाही. संगणकांचेही असेच गट पाडले गेले. त्यांना 'डोमेन' म्हणतात. शिक्षणसंस्थांसाठी 'एज्यु', व्यापारासाठी 'कॉम', सरकारसाठी 'गव्ह' असे वरचे गट १९८४-८५ च्या सुमारास ठरले. प्रत्येक गटाने आपल्या आतली यादी आपणच सांभाळायची. वरच्याने फक्त खालच्याचा पत्ता ठेवायचा.

एकदा मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवण्याचीही सोय यात आहे, म्हणजे दर वेळी वरून विचारत यावे लागत नाही. किती काळ, हे मूळ यादी ठेवणारा सांगतो. मुदत फार लांब ठेवली तर उत्तर शिळे होते, फार आखूड ठेवली तर विचारणा वाढते.

या वाटणीतही एक यादी मात्र वाटता आली नाही : सर्वांत वरची. ती लहान असली तरी तिच्यावर सर्वांना विश्वास ठेवावा लागतो. तिची देखरेख अनेक वर्षे मुख्यतः पोस्टेल यांच्याकडे होती. त्यांचे निधन १९९८ साली झाले आणि त्याच वर्षी या कामासाठी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली. वरची यादी कोणाच्या ताब्यात असावी, हा देशादेशांतला वाद पुढेही चालू राहिला.

आपल्या देशाचा 'इन' हा गट १९८९ साली या यादीत आला. त्याचे काम प्रथम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने पाहिले. २००५ पासून ते 'निक्सी' या संस्थेकडे आले. २०१४ साली देवनागरीतील 'भारत' हा गटही सुरू झाला आणि मराठीत पत्ता लिहिणे शक्य झाले.

जुनी 'होस्ट्स' फाईल मात्र गेलेली नाही. शाळेतल्या संगणकात ती आजही सापडेल. मुलांना ती जरूर दाखवावी. त्याआधी एक खेळ घ्यावा. प्रथम एकाच मुलाकडे सगळ्या शाळेची यादी देऊन नावे शोधायला लावावीत, मग प्रत्येक वर्गाची यादी वेगळ्या मुलाकडे देऊन पाहावे. दोन्ही वेळा घड्याळ लावावे. आणि शेवटी वर्गयादी ठेवणाऱ्या एका मुलाला हळूच बाहेर पाठवावे. मग काय अडते आणि काय अडत नाही, हे मुलेच सांगतील.