बर्फाचा कप्पा वर की खाली?



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असा अध्यक्षबाईंचा हुकूमच सुटला. पाककृती पुष्कळ जणींनी दिल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास म्हटला की शाळेत घोकलेल्या लढाया व तहनामे एवढेच डोळ्यांपुढे येतात. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी जो फ्रीज आला, त्याने मला इतिहासात डोके घालायला लावले. त्याचा बर्फाचा कप्पा वर नसून तळाशी आहे. आळीतल्या बायका पाहायला आल्या तेव्हा पहिला प्रश्न हाच, "अगं बाई, हा असा उलटा कसा?" हा उलटा का, आणि आजवरचे सारे सुलटे का, याची हकीकत बरीच जुनी आहे.

आपल्याकडे थंडावा होता तो मातीचा. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, वाऱ्याने सुकते, आणि सुकता सुकता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. अड्याळचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांकडे धावणारा, पण हवा कोरडी. म्हणून आपला माठ जसा गार होतो तसा मुंबईच्या दमट हवेत होत नाही. बाकी दूध दोन वेळा तापवायचे, उरलेल्याला विरजण लावायचे, रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, लोणी शिंक्यावर टांगायचे. अन्न नासू न देण्याची सगळी विद्या बाईच्या हातात होती, आणि तिच्या वाकण्या-उठण्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मुंबईला बर्फ आला तो थेट अमेरिकेहून, हे वाचून मला प्रथम खरे वाटले नाही. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ करवतीने कापून जहाजात भरी. १८३३ साली त्याने कलकत्त्यास असे जहाज पाठवले. निघताना १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक उरला! बर्फ टिकावा म्हणून लाकडाचा भुसा वापरीत. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, मुंबईलाही बर्फ उतरला. जमशेटजी जिजीभाई यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढले व यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, असे सांगतात. मद्रासेत तर त्या बर्फासाठी बांधलेली गोल इमारत अजून उभी आहे; तिला आज विवेकानंद भवन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच देशात यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि तो परदेशी व्यापार बुडाला.

कप्प्याचे गणित इथूनच सुरू होते. साहेबलोकांच्या व श्रीमंतांच्या घरी बर्फाची पेटी असे: बाहेरून लाकूड, आतून पत्रा. तिच्यात बर्फाची लादी ठेवायची ती वर. कारण थंड हवा जड, ती खाली उतरते. खालची कोमट हवा वर जाऊन बर्फाला भेटते आणि पुन्हा गार होऊन खाली येते. कोणी ढकलावे लागत नाही. पुढे विजेवरची शीतकपाटे आली, तेव्हा बर्फाची जागा गॅसच्या थंड नळ्यांनी घेतली, पण त्याही वरच बसवल्या. आपल्या देशात १९५८ साली गोदरेजने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने फ्रीज बनवला, तोही याच घराण्यातला. एकदारी फ्रीजमध्ये आजही वरचा बर्फाचा कप्पाच साऱ्या कपाटाला थंडावा देतो. तो तळाला नेला तर वरची भाजी गरमच राहायची.

मग पंखा आला. ज्याला फ्रॉस्ट-फ्री म्हणतात त्या फ्रीजमध्ये थंड नळ्या पडद्याआड असतात आणि लहानसा पंखा ती गार हवा वाटेल तिकडे फेकतो. हवेला वर चढवणारा मिळाल्यावर बर्फाचा कप्पा कुठेही ठेवता येऊ लागला. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकातच तळाला बर्फ असलेले फ्रीज घरोघर विकायला निघाले होते. आपल्याकडे ते खेड्यापर्यंत यायला फार वेळ लागला. हायर या चिनी कंपनीने २००७ साली पुण्याजवळचा रांजणगावचा कारखाना घेतला व अशा फ्रीजचा आपल्या देशात बराच प्रसार केला. अष्टविनायकांतल्या महागणपतीचे हे गाव. गावाच्या नावात रांजण आणि कारखान्यात फ्रीज, याची मला मोठी गंमत वाटते.

आमचा फ्रीज दुसऱ्याच एका कंपनीचा. तो घेतला सासूबाईंसाठी. त्यांची कंबर धरलेली, आणि जुन्या फ्रीजमध्ये भाजीचा खण अगदी जमिनीलगत. बर्फ आपण दिवसातून एकदा काढला तर काढला. भाजी, दूध, दही, कणिक मात्र दहा वेळा काढतो. म्हणजे रोजचे सगळे पायाशी आणि क्वचितचे डोळ्यांसमोर! हे इतकी वर्षे कोणाला खटकले नाही, कारण ठरवणारे वाकत नव्हते. नव्या फ्रीजमध्ये भाजी कमरेपाशी आली आणि सासूबाई स्वतःच्या हाताने कोथिंबीर काढू लागल्या. एवढ्यानेही त्यांचा चेहरा खुलला.

पण दुसरी बाजू मला महागात पडली. सासूबाईंना साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचावे लागते. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे. मी जपून ठेवावे म्हणून वरच्या भागात अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवले. पंख्याची बर्फगार हवा नेमकी तिथल्याच फटीतून बाहेर पडते, हे मला कुठले ठाऊक! कुपी गोठली. मी ती बाहेर ठेवून वितळू दिली आणि चार दिवस तीच टोचत राहिले. साखर चढतच गेली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला: एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचेच मला जास्त लागले.

आणखीही खोडी आहेत. बर्फ वितळल्याचे पाणी ज्या बारीक नळीतून मागच्या ताटलीत जाते, ती तुंबली की तळच्या खणात बर्फाचा थर धरतो आणि फरशीवर ओघळ येतो. आम्ही आधी फरशीच पुसत बसलो. खणात खाली काय दडले ते दिसत नाही. मागच्या वर्षीचे वाटाणे यंदा सापडले. खण बोटभर उघडा राहिला तर कोणाच्या लक्षात येत नाही. वर दूध नासते आणि खाली बर्फ टणक, असे झाले तर पंख्याची वाट बर्फाने अडली आहे का ते आधी पाहायला सांगा. किंमतही एकदारीपेक्षा पुष्कळच अधिक.

वीज गेली म्हणजे तर कसोटीच. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आपण विसरलेल्या नाही. तेव्हाच्या आमच्या एकदारी फ्रीजमध्ये वरचा बर्फ वितळत वितळत खालच्या दुधाला सांभाळून घेई. या फ्रीजचा पंखा थांबला की थंडावा तळाशीच बसून राहतो. बर्फ टिकतो, पण वरचे दूध लवकर कोमट होते.

म्हणून इन्सुलिन आता डब्यात घालून मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला असते. वीज बराच वेळ गेली तर कुपी कोरड्या डबीत बंद करून, ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या लहान मडक्यात, सावलीत ठेवते. हे नर्सबाईंनीच सांगितले. मडके सासूबाईंनी शोधून दिले. त्यांच्या लोण्याचे होते ते.