त्रेसष्ट चवी आणि बीडचे (?) भास्कराचार्य

मंडळी, मी बीडचा. "भास्कराचार्य आपल्या बीडचेच बरं का" हे वाक्य आमच्याकडे कुणीतरी कधीतरी म्हणतंच. आधार काय, तर सिद्धांतशिरोमणीत आचार्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपला जन्म शके १०३६ चा (म्हणजे इ.स. १११४), ग्रंथ लिहिला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आणि राहतो सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविडात. आता विज्जडविडातला 'विड' म्हणजे बीड, असं काही अभ्यासकांनी म्हटलं. काहींनी विजापूर म्हटलं. पण १८६५ साली डॉ. भाऊ दाजींनी चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख उजेडात आणला आणि आमची बाजू जरा लंगडी पडली. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा तो लेख आहे. आता मठ पाटण्याला म्हणजे जन्मही तिथलाच असं काही सिद्ध होत नाही. तरी दगडावर कोरलेला पुरावा आणि नावातलं साम्य यात मी दगडाच्या बाजूने. बीडकर मित्र रागावतील. असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हापिसातलं एक वाक्य. मॉडेलमध्ये कुठले व्हेरिएबल्स घ्यायचे ते ठरत नसलं की कुणीतरी म्हणतंच, "सगळी कॉम्बिनेशन्स चालवून बघ ना!" आर मध्ये 'कॉम्बन' आहे, पायथनमध्ये 'इटरटूल्स' आहे. दोन ओळींचं काम.

पण किती होतील, हे आधी कोण मोजतो? लीलावतीत नेमका हाच प्रश्न आहे. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू अशा सहा चवी. एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा घेऊन पदार्थ किती प्रकारचे होतील? रीत अशी: वर ६, ५, ४, ३, २, १ लिहा, खाली १, २, ३, ४, ५, ६. सहाला एकाने भागा, ६. त्याला पाचाने गुणून दोनाने भागा, १५. मग चाराने गुणून तिनाने भागा, २०. पुढे १५, ६, १. बेरीज ६३. चरक-सुश्रुतांकडेही रसांचे हेच ६३ भेद आहेत. यात कुठेही मोठमोठी फॅक्टोरियल्स काढावी लागत नाहीत. ओव्हरफ्लो टाळायला आज कोडमध्ये हीच युक्ती वापरतात. दुसरं उदाहरण राजवाड्याच्या आठ झरोक्यांचं, उत्तर २५५. चवींच्या जागी व्हेरिएबल्स टाका: सहा असतील तर ६३ मॉडेल्स, आठ असतील तर २५५, वीस असतील तर १०,४८,५७५. तीस झाले की शंभर कोटींच्या वर, आणि मग "चालवून बघ" म्हणणारा माणूस चहाला निघून जातो :-)

हे झालं मोजणं. यादी तयार करणं ही वेगळी विद्या, आणि ती छंदशास्त्रातून आली. शाळेत मराठी व्याकरणात गण घोकले होते ना? 'यमाताराजभानसलगं'? ते आठ गण म्हणजे तीन जागा आणि प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, अशी सगळी कॉम्बिनेशन्स. पिंगलाच्या परंपरेत त्याला प्रस्तार म्हणतात. पहिली ओळ गगग. पुढची ओळ करताना डावीकडून पहिला ग सापडेल तिथे ल लिहा, त्याच्या उजवीकडचं तसंच उतरवा, डावीकडे सगळे ग भरा. लगग, गलग, ललग, गगल.. करत करत ललल ला थांबा. 'ल' म्हणजे व्हेरिएबल घेतला, 'ग' म्हणजे गाळला. झालं आपलं लूप!

त्याहून भारी म्हणजे 'नष्ट'. पाचवी ओळ कुठली, हे यादी न लिहिता सांगायचं. पाच विषम, म्हणून ग. एक मिळवून अर्धे केले, ३. परत विषम, ग. एक मिळवून अर्धे, २. सम, म्हणून ल. गगल, तगण. वर बघा, पाचवाच आहे. लाखो कॉम्बिनेशन्स मेमरीत न साठवता चार मशीन्सवर वाटायची असतील तर हेच करावं लागतं: तू अमुक नंबरपासून अमुक नंबरपर्यंत.

आता खरा घोळ. समजा बीड जिल्ह्याच्या कापसाच्या उत्पादनाचं मॉडेल करायचंय. तालुके ११, म्हणजे एका हंगामाच्या ११ ओळी. व्हेरिएबल्स घेतले १०: पाऊस, उघडीप, पेरणीची तारीख, मातीची खोली, खत, बोंडअळी वगैरे. कॉम्बिनेशन्स १०२३. सगळी चालवली की त्यातलं एक हमखास शंभर टक्के जुळतं, दहाही व्हेरिएबल्स घेतलेलं. कारण दहा गुणक आणि एक स्थिरांक मिळून ११ अज्ञात, आणि समीकरणंही ११. बोंडअळीच्या जागी माझ्या मोटारसायकलच्या मीटरचे आकडे घातले तरी तितकंच चकाचक जुळेल. आणि अशा 'बेस्ट' मॉडेलवरून उद्या कुणी पेरणीचा सल्ला दिला, तर बियाण्याचे पैसे गेवराई-वडवणीच्या माणसाच्या खिशातून जाणार, मॉडेलवाल्याच्या नाही.

आचार्यांच्या त्रेसष्टांत ही भानगड नव्हती. तिथे प्रत्येक पदार्थ त्रेसष्टांतला एक म्हणून मोजायचा होता, सगळ्यात चविष्ट कुठला ते निवडायचं नव्हतं. निवडायला गेलं की किती जणांतून निवडला हा आकडा उत्तराबरोबर सांगावा लागतो. आपल्या रिपोर्टांत तो बहुतेक वेळा नसतो.

यावर एक साधा उपाय आहे. आष्टी बाजूला ठेवायचा, उरलेल्या दहा तालुक्यांवर मॉडेल बसवायचं आणि आष्टीचं उत्पादन ओळखायला सांगायचं. मग पाटोदा बाजूला, मग केज, असे अकराही. दहा तालुक्यांना दहा व्हेरिएबल्स झेपत नाहीत, तेव्हा ते एक मॉडेल इथेच बाद. उरली १०२२ गुणिले ११, म्हणजे ११,२४२ गणितं. लॅपटॉपला काही सेकंद लागतात.