वाजिद अलींचे शिरोभूषण

सत्य घटनेवर आधारलेला चित्रपट पाहताना जाणकार प्रेक्षक प्रथम चुका शोधू लागतो. पोशाख त्या काळचा आहे काय, तारखा जुळतात काय? सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (1977) या परीक्षेला बऱ्याच अंशी उतरतो. म्हणूनच त्याच्या निमित्ताने याहून अवघड प्रश्न विचारता येतो.

चित्रपटाला आधार आहे तो प्रेमचंदांच्या 1924 मधील कथेचा. कथेत कंपनीची फौज लखनौत शिरते, वाजिद अली शाहांना कैद करून नेते आणि बुद्धिबळात बुडालेले मिर्झा व मीर अखेर डावावरून एकमेकांचा जीव घेतात. वस्तुस्थिती निराळी होती. 4 फेब्रुवारी 1856 रोजी रेसिडेंट जेम्स ऊट्रम याने नवा तह पुढे ठेवला. राजाने आपले शिरोभूषण उतरवून त्याच्या हाती दिले; सही मात्र दिली नाही. 7 फेब्रुवारीस राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. मार्चमध्ये राजा दाद मागण्यासाठी कलकत्त्याकडे निघाला, आणि त्याची आई तर राणी व्हिक्टोरियाकडे गाऱ्हाणे घेऊन लंडनपर्यंत गेली. कैद झाली ती पुढे 1857 मध्ये, फोर्ट विल्यममध्ये. राय यांनी अटक वगळून शिरोभूषणाचा प्रसंग घेतला, म्हणजे मूळ कथेशी फारकत घेऊन ते इतिहासाच्या जवळ गेले. मिर्झा आणि मीर यांना त्यांनी जिवंत ठेवले. पिस्तूल सुटते, शाल तेवढी फाटते, आणि दोघे पुन्हा डाव मांडतात, तोही इंग्रजी पद्धतीने. माझ्या मते हा शेवट कथेतील द्वंद्वाहून अधिक निष्ठुर आहे.

तरीही 1978 मध्ये राजबंस खन्ना यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’तून राजाच्या चित्रणावर कठोर आक्षेप घेतला आणि राय यांनी तेथेच त्याला सविस्तर उत्तर दिले. खरी अडचण पुराव्याच्या जातकुळीत आहे. चित्रपटात डलहौसी संस्थानांची चेरीफळे एकेक करून गिळताना दिसतो. मराठी वाचकाला तेथे सातारा (1848) व नागपूर (1854) आठवल्यावाचून राहत नाही. त्या दोन्ही ठिकाणी दत्तकाचा हक्क नाकारून काम भागले. अवधच्या गादीला वारस होते. तेव्हा तेथे गैरकारभार सिद्ध करणे भाग होते. विलासी, नाचगाण्यात रमलेल्या राजाची प्रतिमा या गरजेतून कागदोपत्री पक्की झाली, आणि त्या कागदांत ऊट्रमचा 1855 चा अहवालही होता. राजाने या आरोपांना लेखी उत्तर दिले होते. ते फारसे कोणी वाचत नाही. राय यांनी राजाला खरा कलावंत म्हणून सन्मान दिला, ऊट्रमच्या मनात तहाच्या न्याय्यतेविषयी शंकाही पेरली. पण पडद्यावरचा ऊट्रम हा अहवालातील ऊट्रमपेक्षा बराच हळवा आहे, हे नोंदवले पाहिजे. तपशील अचूक असूनही दृष्टी उसनी राहू शकते, ती अशी.

चित्रपट 1856 पाशी थांबतो. राजाने लखनौत मागे ठेवलेल्या बेगम हजरत महल यांनी पुढच्याच वर्षी आपल्या मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवले आणि रेसिडेन्सीला कित्येक महिने वेढा पडून राहिला. त्या लखनौची चाहूल पडद्यावर लागत नाही.