यंत्राचे दुखणे आणि कामगाराचा कान

खडकवासल्यास धरणाखाली राहणाऱ्यांना आवाजाची सवय असते. पावसाळ्यात दारे उघडली की पाण्याची गाज रात्रभर चालते आणि घरातले बारीकसारीक आवाज तिच्यात बुडून जातात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळ्यात आमच्या घरचा संगणक कुरकुरू लागला. आम्ही आठवडाभर ते मनावर घेतले नाही. एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांची थकलेली देणी आणि त्यांच्या बहिरेपणाच्या भरपाईचे दावे, यांचे कागद त्या संगणकात होते. तेव्हा ही हयगय साधी नव्हती. तिची कबुली देण्यासाठीच आज थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

आवाजावरून दोष ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. माठ घेताना बाई टिचकी मारून पाहते. पाथरवट दगडावर हातोडी मारतो. धड दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. वैद्यकशास्त्रानेही या विद्येचा आश्रय केला. व्हिएन्नाचे डॉक्टर औएनब्रुगर यांनी १७६१ साली छाती ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि पिंप ठोकून आत मद्य किती उरले हे ताडणे ही त्या धंद्यातली नित्याची गोष्ट होती. पुढे १८१६ साली लाएनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली. तीच आजच्या स्टेथोस्कोपची आई.

यंत्रयुगात हा कान कामगाराकडे आला. रेल्वेत चाकांवर हातोडी मारून तडा शोधणारा माणूस असे. मुंबईच्या गिरणीत शेकडो सांच्यांच्या गदारोळात साचेवाल्याला आपल्या धोट्याचा ताल चुकलेला कळे. या ज्ञानाला पदवी नव्हती, आणि पगारपत्रकात त्याचे वेगळे मोल कधी लागले नाही.

संगणक आला तेव्हा हा कान निकामी होईल असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात १९५१ सालच्या फेरांटी मार्क वन या यंत्राला मुद्दाम भोंगा बसविलेला होता. काम सुरळीत चालले आहे की यंत्र एकाच फेऱ्यात अडकले आहे, हे चालकाला त्याच्या सुरावरून समजे. १९५६ साली आय. बी. एम. ने फिरत्या तबकड्यांचा पहिला साठा विक्रीस आणला. त्यात ५० तबकड्या मिनिटास १,२०० फेरे घेत. पुढे घरगुती संगणकातील तबकडी मिनिटास ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदास १२० फेरे घेऊ लागली. तिची घुमघुम त्यातूनच येते. तबकडीवर हवेच्या अतिपातळ थरावर तरंगणारे एक टोक अक्षरे वाचते. जोडीला उष्णता बाहेर टाकणारे पंखे आणि विजेची वेटोळी. घरच्या संगणकाचे बहुतेक आवाज या तीन ठिकाणांहून निघतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी पेटीचे झाकण काढले, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तबकडीच्या चौकटीला टेकवून मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "भाऊ, पंख्याचा आवाज कामाच्या भारानुसार चढतो-उतरतो. हा तसा नाही. हा मोजून येतो. टक्, टक्, टक्, मग गप्प." वाचणाऱ्या टोकाला आपली रेघ सापडत नव्हती, ते मूळ जागी परतून पुन्हा धाव घेत होते. "आधी कागद बाहेर काढा, कारण मागाहून शोधू."

मधूनमधून एक बारीक शिट्टीही येत होती. आम्ही ती दाखविली. मामा कान देऊन बसले आणि म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही." ती शिट्टी विजेच्या वेटोळ्याची होती, निरुपद्रवी होती. पण मामांनी उभी हयात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसजवळ काढली आहे. गोंगाट कानातले उंच स्वर आधी मारतो, खालचे मागाहून. तबकडीची टकटक त्यांच्या उरलेल्या कानाच्या आवाक्यात होती, इतकेच. आणि त्या तबकडीत त्यांचाही दावा होता.

बहुतेक कागद निघाले. काही कानांच्या तपासणीचे अहवाल मात्र कायमचे गेले. त्या कामगारांना पुन्हा तपासणीस न्यावे लागले आणि दावे लांबले. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा. यंत्राने आठवडाभर ओरडून सांगितले होते.

आता संगणकात फिरती तबकडी न वापरता सगळे चिपवर साठविण्याची रीत रूढ झाली आहे. त्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे मरताना तो साठा टकटक करीत नाही. तेव्हा दुसरी प्रत आधीच करून ठेवणे हाच शहाणपणा. आम्ही आता दोन प्रती ठेवतो, आणि एक मामांच्या घरी.

राहिला कानाचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कळविण्याजोगा रोग म्हणून नोंदला गेला. पण नोंद होणे निराळे आणि भरपाई हातात पडणे निराळे. ज्यांच्या कानांनी यंत्रे निरोगी राहिली, त्यांचे कान यंत्रांनीच नेले. यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे, आणि संघटनेने तो वसूल केला पाहिजे.