लॉर्ड लोव्हॅटची बोटे : होगार्थच्या मुद्राचित्राचे रूपविश्लेषण

सायमन फ्रेझर, लॉर्ड लोव्हॅट या स्कॉटिश उमरावाचे विल्यम होगार्थकृत मुद्राचित्र २५ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनमध्ये एक शिलिंग किमतीस प्रसिद्ध झाले. १६ एप्रिलच्या कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड मोडले होते. बंदिवान लोव्हॅटला लंडनकडे नेले जात असता सेंट ऑल्बन्स येथे होगार्थने त्याचे रेखन केले. या चित्राची गणना अनेकदा व्यंगचित्रांत होते. त्याचे रूप पाहता ते मत स्वीकारणे कठीण आहे.

उमरावांची छापील व्यक्तिचित्रे तेव्हा बहुधा रंगचित्रांवरून मेझोटिंट पद्धतीने केली जात. तिच्यातील मखमली छायाभेद वस्त्रांचा दिमाख खुलवितो. होगार्थने मात्र अम्लरेखन पत्करले. मेणाचा लेप दिलेल्या ताम्रपटावर सुई लेखणीसारखी मोकळी फिरते, रेषा आम्ल खोदते आणि काम लवकर हातावेगळे होते. ही घाई बाजाराची होती, हे उघडच आहे. परंतु तिनेच रेषेला खडबडीतपणा दिला आणि मखमलीची झूल काढून घेतली.

बैठक प्रतिष्ठित व्यक्तिचित्राचीच आहे : खुर्चीवरील पूर्णाकृती, डोक्यावर केसांचा टोप, बाजूला मेज. पण पाय फाकलेले, स्थूल देह खुर्ची व्यापून उरलेला आणि नजर तिरकी. खरा बदल हातांत आहे. रूढ चित्रांत उमरावाचा हात तलवारीच्या मुठीवर किंवा कागदावर स्थिरावतो. येथे एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशेब करते आहे. बंडात उतरलेल्या कुळांचे सैन्यबळ तो मोजत आहे, असा याचा परंपरागत अर्थ. 'कॅरॅक्टर्स अँड कॅरिकॅचुराज' या १७४३ च्या मुद्राचित्रात होगार्थने स्वभावचित्रण व विकृतीकरण यांत भेद केला होता. लोव्हॅटचा चेहराही विकृत केलेला नाही. उपरोध आहे तो कृतीत.

विक्रीतून होगार्थला काही काळ दिवसाला १२ पौंड मिळत, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे शिलिंगाच्या हिशेबाने रोज २४० प्रती! उमरावाचा न्याय उमरावांनीच करावा, या प्रथेनुसार लोव्हॅटवरील खटला उमराव सभेपुढे मार्च १७४७ मध्ये चालला आणि ९ एप्रिल रोजी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. शिरच्छेदाने अमलात आलेला ब्रिटनमधील तो अखेरचा मृत्युदंड होय. शिलिंग मोजणाऱ्या ग्राहकांनी मात्र आरोपीला बोटांवर मोजणी करताना सहा महिन्यांहून अधिक काळ आधीच पाहिले होते. आणि ते रेखन प्रत्यक्ष पाहून केल्याची ग्वाही होगार्थने चित्राखाली कोरून ठेवली होती.