टेंभरं : पानाआड गेलेले फळ

वनखात्याच्या कागदांत तेंदू म्हणजे पान. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत उन्हाळा काढलेल्या माणसाला मात्र आधी फळ आठवते. लहान लिंबाएवढे, पिकल्यावर पिवळट-केशरी, देठाशी वाळकी टोपी. साल चिवट, आत चिकट गोड गर आणि चपट्या, चकचकीत बिया. चव थोडी चिकूच्या वळणाची. कच्चे असताना इतके तुरट की जीभ आवळून येते. टेंभुर्णीत नर-मादी झाडे वेगळी असल्याने प्रत्येक झाडाला टेंभरं धरत नाहीत. जपानात मानाने पिकवले जाणारे पर्सिमन याच्याच गोतावळ्यातले. आपल्याकडे बागेत मात्र हे झाड कुणी लावल्याचे दिसत नाही.

रॉक्सबर्गने 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात या झाडाला ‘मेलॅनोझायलॉन’ म्हटले. अर्थ : काळे लाकूड. म्हणजे शास्त्रीय नावातही फळ नाहीच. पुढे विडी आली आणि लाकूडही मागे पडले.

विडीला कोवळे, मऊ, सहज वळणारे पान लागते. ते उंच झाडापेक्षा मुळांतून फुटलेल्या झुडपावर चांगले मिळते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपे जमिनीलगत छाटतात. नवी फूट यावी म्हणून कुठे कुठे आगही लावतात. दरवर्षी छाटलेल्या झुडपाचे झाड होणार कधी आणि त्याला फळ धरणार कधी? 1969 च्या वनोपज व्यापार नियमन कायद्यानंतर पानांचा व्यापार सरकारच्या हाती आला. पाने पुड्यांनी मोजली गेली, गोण्यांनी विकली गेली. पेरणीच्या आधी घरात येणारा हा रोख पैसा आहे; त्याला नावे ठेवणे शहरात बसून सोपे असते.

म्हणूनच गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा निर्णय मला मोठा वाटतो. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आता पान विकायचा अधिकार ग्रामसभेचाच होता, आणि तिने तेंदूपान तोडायचेच नाही असे ठरवले. छाटणी आणि आगीने जंगलाची हानी होते, शिवाय टेंभरं माणसांच्या आणि पाखरांच्या पोटात जातात, हा त्यामागचा विचार. गावाला बांबूच्या विक्रीचा आधार होता, हेही नोंदवायला हवे. तो आधार नसलेल्या गावांत आजही उन्हाळ्यात पहाटेच माणसे पाने तोडायला निघतात, आणि वाटेत एखादे पिकले टेंभरू सापडलेच तर ते पोरांसाठी ओटीत टाकतात.