बेटांखालची गावे

बेट म्हटले की आपल्याला कोकण आठवते. पण पैठणच्या नाथसागरातही लहानमोठी सुमारे तीस बेटे आहेत. जायकवाडी धरणाचे पाणी चढत गेले, शिवारे बुडाली आणि उंच टेकाडांचे माथे तेवढे वर राहिले. तीच ही बेटे.

धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली; २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांब मातीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. त्यामागे गोदावरी अडली आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन पाण्याखाली गेली. शंभरहून अधिक गावांना धरणाची झळ पोचली. घराच्या तुळया, दारे, जाते बैलगाडीत घालून नेता आले. विहीर, पार, कबरस्तान कसे न्यावे?

पठार सपाट, म्हणून जलाशय पसरट आणि उथळ. उथळ पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती वाढल्या, मासे वाढले; त्यांच्या ओढीने पक्षी आले. पट्टकादंब हिमालय ओलांडून येथे हिवाळा काढतो. गुलाबी पंखांचे रोहित येतात, चक्रवाक येतात. १९८६ मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

दूरच्या पाहुण्यांची पैठणला सवय जुनीच. ही सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. येथला अकीक गाड्यांत भरून त्या बंदराकडे जाई.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळपेराची जमीन उघडी पडते. कुठे जुना चौथरा दिसतो, कुठे विहिरीचे कडे. जाणते माणूस बोट दाखवून सांगते, इथे आमची वेस होती. इतरांना तिथे नुसता चिखल दिसतो.

छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारे पाणी याच जलाशयाचे. बेटे पाहायला जाताना आपण दुर्बीण नेतो, पक्ष्यांचे पुस्तक नेतो. पक्ष्यांना अभय मिळाले, हे चांगलेच झाले. ते टिकलेही पाहिजे. पण बुडालेल्या गावांच्या गल्ल्यांची, शेतांची, ओढ्यांची नावे अजून काही वृद्धांच्या तोंडी आहेत. धरण भरले तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. त्यांच्यापाशी बसून ती नावे लिहून घ्यायला हवीत. पक्षी दर हिवाळ्यात परत येतात. ही माणसे एकदा गेली की गेली.